एका वर्षाचा रिचार्ज

७ जानेवारी
गावच्या सिमची मुदत काल संपली. शेजारच्या शांतावयनीच्या दुकानात गेले. नेहमीसारखा अठ्ठावीस दिवसांचा मार म्हटलं.
"वर्साचो मार गो एकदाच. म्हयन्या-म्हयन्याक कित्याक धावतस?"
"वर्सभर मियां हंय खंय रवतंय?"
"ह्याच आयकतंय पावसापासून."
हसली. मीही हसले. बाबांना पक्षाघात झाला तेव्हा आठ दिवसांची रजा टाकून आले होते.

१० जाने.
पुण्याच्या सिमला घरात रेंज नाही म्हणून हे गावचं घेतलं. पण पुण्याचं बंद पडू देता येत नाही. बँक त्यावर, माझ्या नोकरीच्या हॉस्टेलच्या मॅडम त्यावर. निदान त्याला तरी लांब मुदतीचा टाकावा. नेट नको, नुसता नंबर चालू राहिला म्हणजे झालं. सगळे प्लॅन पाहत बसले आणि बाबांची हाक. चहा अंगावर सांडलेला. परत अंथरूण, कपडे.

१४ जाने. संक्रांत
वयनी बाबांजवळ बसली, मी घरामागच्या सड्यावर गेले. वर कातळावर पुण्याच्या सिमला रेंज येते. धडाधड मेसेज. माझ्या हॉस्टेलच्या मुलींचे तिळगूळ. "रेक्टर मॅम, कधी येताय?" खाली मोठ्या मॅडमचा : महिनाअखेर कळवा, नाहीतर तुमच्या जागी बदलीवर असलेल्या बाईंनाच कायम करावं लागेल.
तिथेच उभ्या उभ्या पुण्याच्या नंबरवर वर्षाचा मारला. बरं वाटलं. तिथली माझी खोली अजून माझीच आहे असं काहीतरी.
खाली आले तर बाबा एकटेच उठायला निघालेले, वयनी त्यांना धरून घामाघूम.

१९ जाने.
भावाला, नंदूला फोन. म्हटलं, दोन महिने तू ये, नाहीतर बाबांना डोंबिवलीला ने.
"ताय, तिसऱ्या माळ्यार कसो चडवू त्यांका? लिफ्ट नाय."
"मगे माझा काय?"
"बघूया." भाऊ म्हणून एवढंच. त्याचंही खोटं नाही, पण

२३ जाने.
सकाळी बाबांनी खुणेने जवळ बोलावलं. तोंडाची चांगली बाजू हसत होती.
"तुज्या फोनात... वर्साचो... घातलंय."
पेन्शनमधून. वयनीला बोलावून, मी विहिरीवर असताना. "तुका... परत परत... जावक नको."
कित्येक महिन्यांत एवढं लांब बोलले नव्हते. "बरा केल्यात, बाबा," म्हटलं. मागच्या दारी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.
मग वयनीला गाठलं. "माका इचारूचा तरी!"
"म्हातारो इतको खुशीत सांगी होतो गो. मियां नाय कसा म्हणू?"
गावचा नंबर पुढच्या जानेवारीपर्यंत चालू. परत करता येतो का, हेही विचारून झालं. येत नाही.

२५ जाने.
नंदूचा आपणहून फोन! "वर्साचो रिचार्ज मारलंस म्हणे. वयनीच्या फोनार बाबा सांगी होते. बरा झाला ताय, तू ठरवलंस. माझा टेन्शनच गेला."
"मियां कायेक ठरवूक नाय, नंदू."
"दुसरो फोन येता, मगे करतंय."
केला नाही.

२९ जाने.
सड्यावरून मॅडमशी बोलले. रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. "सुमाताई, परवा संध्याकाळी मला हो किंवा नाही सांगा. मुलींना तरी किती दिवस सांगू?"
उतरताना पाय घसरला. गुडघा फुटला. बाबांना सांगितलं नाही.

३१ जाने.
आज बाबांना न्हाऊ घालून, धुतलेला सदरा चढवून समोर बसले. मनात शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे गेले.
"बाबा, माका पुण्याक जावचा आसा. कामार."
माझ्या हातांकडे बघत राहिले.
"आज?"
"आज नाय. पण जावचा आसा."
ओठ हलत होते, शब्द येईना. मी वाट पाहिली. लाळ पुसायला रुमाल पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला.
"जेवान जा."
समजलं म्हणून म्हणाले, की मी नुसती सड्यावर निघालेय असं वाटलं? विचारायचा धीर झाला नाही. आता डोळे मिटून बसलेत. झोपलेले नाहीत.
कुकर लावलाय. वयनी चार वाजता येते म्हणालीय, ती आली की सड्यावर जाईन. मॅडमना सांगेन की