बनियनला शिवलेला चेंडू

छबूचे बापू,

बनियनच्या पाठीवरचा चेंडू तुम्ही उसवून कोनाड्यात टाकला होता, तो मी पुन्हा शिवलाय. टोचतो म्हणून काढायचा न्हाय. उताणं झोपलं की तुमचा श्वास अडकतो. कुशीवर झोपायची सवय लागावी म्हणून उमरग्याच्या डॉक्टरांनीच तो शिवायला सांगितलाय. एवढं करून थकवा जात न्हाय म्हणता, पण निम्म्या राती तर तो कोनाड्यातच असतो.

मी अन् तुमच्या आई छबूला घेऊन तलावाच्या दुष्काळी कामावर चाललो. भाकरी-पिठलं टोपल्याखाली झाकलंय.

आज दूध संघाच्या टँकरवर पाणी वाहायला जाऊ नका. परवा येरमाळ्याच्या घाटात टायर फुटून गाडी नालीत गेली, असं मला सांगितलंत. स्टिअरिंगवर तुमचा डोळा लागला होता, हे क्लीनर लिंबाजीकडून कळलं. चावी मी त्याच्याकडं दिली. तो दुसरा ड्रायव्हर घेऊन जाईल, गावं तहानेली राहायची न्हाईत. रागवायचं ते संध्याकाळी रागवा.

आणखी एक. काल रात्री तुमचा श्वास लई वेळ थांबला. अहो, अहो म्हणून हलवलं तरी हूं की चूं न्हाय. मग लग्न झाल्यापासून जे तोंडातून काढलं न्हाय ते काढलं. "मच्छिंद्र!" म्हणून ओरडले. तेव्हा कुठं तुम्ही श्वास घेतला.

तुमच्या आई शेजारीच उठून बसल्या होत्या. मला लई भ्या वाटलं. सकाळी चूल पेटवताना एवढंच म्हणाल्या, "पुन्हा अडकला तर पुन्हा घे त्याचं नाव."