दिनकरच्या अंगात माझा कोट

मंगळवार, देवपूर. संध्याकाळ.

आज पुन्हा दिनकर टीव्हीवर. युरोपातल्या निवडणुकांवर मुलाखत, आणि अंगात माझा कोट.

दोष कुणाला देऊ? चॅनेलवाल्यांनी पहिला फोन मलाच केला होता. वीस वर्षं कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवतोय, पण टिपणं काढल्याशिवाय मी वर्गातसुद्धा तोंड उघडत नाही. "तयारीला दोन दिवस द्या," म्हणालो. त्यांना तासाभरात माणूस हवा होता. मग स्टाफरूममध्ये शेजारी बसणाऱ्या दिनकरचा नंबर मीच दिला. त्याच्याकडे कोट नव्हता, तोही मीच दिला. आता दर आठवड्याला बोलतो. त्यातलं निम्मं तर चहा पिताना माझ्याकडूनच ऐकलेलं! कोट अजून परत नाही.

आई टीव्हीकडे बघत म्हणाली, "कसा साहेब दिखस! कोट तुनाच शे ना?"

हो, माझाच. त्याच्या खांद्यांवर माझ्यापेक्षा बरा बसतो, हेही दिसत होतं.

आणि मग या माणसाने काय करावं? निवेदिकेने आफ्रिकेबद्दल विचारलं, तर सरळ म्हणाला, "यात माझा अभ्यास नाही. आमच्या सरांना बोलवा," आणि माझं नाव घेतलं. धड जळूही देत नाही मेला.

पाच मिनिटांत फोन आला. आठच्या बातम्यांत याल का?

"तयारीला दोन दिवस द्या," मी म्हणालो.

तेव्हापासून स्वतःला समजावत बसलोय, की कोट तरी कुठे होता माझ्याकडे.