समन्सवर माझी सही

चि. गणूभावजींना वत्सलावहिनीचा आशीर्वाद. वन्संना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला तेल चोळून देताय ना, की मुरबाडला नुसते जेवायला गेलात? तुम्ही मोबाइल बंद करून बसलात, म्हणून हे पत्र. भावजी, काल तुमच्या नावाचं समन्स घेऊन आपल्या घरी पोलीस आले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाच्या कागदावर सही केली.

मामंजींचा नियम तुम्हाला पाठच आहे, समन्स घ्यायला घरात पुरुष माणूस लागतो. (त्यांनी स्वतःचं एक असंच चुकवलं होतं, आणि ते अजून लग्नकार्यात सांगतात.) म्हणून शेणव्याच्या रस्त्यावर पोलिसाची मोटारसायकल दिसली की मामंजी गोठ्यामागे, हे शेतावर, आणि तुम्ही तर तालुकाच बदललात. कालही अंगणात उरले मी आणि कोंबड्या. भगीरथ हवालदारांना पाणी दिलं आणि ठरलेलं उत्तर दिलं, "घरात बापय मानूस कोनच नाय."

ते शांतपणे पाणी प्यायले. म्हणाले, "नसू दे, वयनी. कायदा बदललाय. आता घरातल्या मोठ्या बाईची सही पन चालते. कोनीच नसतं तर दाराला चिकटवून गेलो असतो."

भावजी, इतकी वर्षं या घरात माझी सही फक्त सुयोगच्या प्रगतिपुस्तकावर, तीही हे शेतावर असले तर. मी पदर खोचला आणि समन्सच्या दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, वळणदार. गोठ्यामागून मामंजी जोरजोरात खोकत होते, पण बाहेर कसे येणार? ते घरात नव्हते.

सही केलेली प्रत कोर्टाला गेली, तुमची सोबत पाठवतेय. शिक्का किती ठसठशीत आहे बघा. तुम्ही आरोपी नाही, साक्षीदार आहात. पण समन्स मिळूनही गेला नाहीत तर वॉरंट निघतं म्हणे, आणि त्याला वहिनीची सही चालत नाही.

तुमची,
वत्सलावहिनी, किन्हवली

ता. क. किशोर तुमच्या क्रिकेट टीमचा कप्तान, मला माहीत आहे. पण त्यानं बांधावर शेजारच्या ताराबाईंच्या हातावर फावड्याचा दांडा घातल्यापासून त्यांना स्वतःची वेणी घालता येत नाही, रोज मी घालते. तिथे तुमच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. सोमवारी शहापूरच्या कोर्टात या आणि पाहिलंत तेवढंच सांगा.

आणखी एक, मामंजींना सांगू नका. कायदा बदलल्याचं हवालदारांनी मला आधीच फोनवर सांगितलं होतं. फोन मीच केला होता.