सहा नंबरची ओल

२२ डिसें., सोमवार
आज मुक्तानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "तू शुक्रवारी खरंच शेतात गेला होतास का?" तिथंच डोकं फिरलं. आठ महिने हिच्या एका मेसेजवर बेंबळीच्या शिवारात गाडी हाणतोय, आणि ही विचारते गेला होतास का!

भानगड सहा नंबरची. म्हणजे नामातात्याच्या हरभऱ्यातली डबी. वर काठीला डबी, खाली मातीत सळई, ती ओल मोजते. आकडे एका शेतातल्या डबीकडून दुसऱ्या शेतातल्या डबीकडं ढकलत धाराशिवच्या ऑफिसात मु.कडं येतात. रेंज गेली की दोन-दोन दिवस अडकतात, म्हणून मी रोज हातातल्या मीटरनं मोजून मोबाईलवर भरायचं. शुक्रवारी सकाळी भरलं १८ टक्के. डबीचा दुपारचा आकडा आज आला, ४१. तात्यानं पाणी दिलेलंच नाही. मग ४१ कुठून?

अमोल सर (आमच्या दोघांच्या वरचा) मागून म्हणतो, "येळवस होती ना, अमावस्येचा सण. जेवून झोपला असेल, घरूनच भरलं." मु. हसली नाही. पण नाही असंही म्हणाली नाही.

२३ डिसें., मंगळ.
आकडा फिरवला तो अमोलनंच. दुसरं कोण? सिस्टीमचा पासवर्ड त्याच्याकडं आणि मु.कडं, बस. येळवशीला तात्यानं जेवायला बोलावलंय हे मीच चहा पिताना दोघांना सांगितलं होतं. बरोबर तोच दिवस, तेच शेत धरलं. तो रोज तिला गाडीवरून स्टँडला सोडतो. मी मधे नको, एवढंच त्याला पाहिजे. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेल्याचं खरं कोण मानणार?

सहा नंबरला जाऊन परत मोजलं. डबीपासून दोन हातावर १७. भेगाळलेली माती. डबी म्हणते ३९. फोटो काढले.

२४ डिसें.
फोटो पाठवले. निळ्या खुणा आल्या. तासाभरानं उत्तर: "विश्वास ठेवायचाय, म्हणून तर विचारलं." किती वेळा वाचलं मोजलं नाही. मग वाटलं, हे तिनंच लिहिलं का? का शेजारी तो बसून...

२५ डिसें., गुरु. सुट्टी
शेतात जाऊन सळई उकरायला बसलो. काकू (तात्याची बायको) बांधावरून ओरडली, "अर्ध्या इंजनेरा, आज तरी दम खा की!"
म्हणलं, "काकू, या डबीशी कुणीतरी खेळतंय."
"कोण खेळतंय? तूच की रं! आंबील कुणी वतली मग?"

येळवशीची दुपार आठवली. कडब्याच्या कोपीत, म्हणजे रानातल्या खोपटात, पाच पांडवांची पूजा झाली, मग आंबिलीचं मडकं घेऊन आम्ही रानभर शिंपडत फिरलो. मडकं माझ्या हातात होतं. बुडाला उरलेली सगळी मीच सळईपाशी उपडी केली. "ही बी आपल्याच रानात हुबी हाय, हिला बी पाजू," असं वर म्हणलो म्हणे. मी त्या वेळी मु.ला कोपीचा फोटो पाठवावा का नको या विचारात, म्हणून ध्यानातच राहिलं नाही.

माती हुंगली. आंबट. तात्या म्हणतो, "औंदा मीठ बी लई पडलं हुतं." खारट पाण्यानं आकडा जास्तच फुगतो, हे अमोलनंच शिकवलेलं.

म्हणजे सकाळचं १८ खरं, दुपारचं ४१ पण खरं. अमोल सुटला याचंच जास्त वाईट वाटलं.

२६ डिसें., शुक्र.
सगळं सांगून टाकलं. अमोलनं हसून-हसून चहा सांडला. मग एकदम सरळ झाला.
"रिपोर्टमधे आंबील लिहायची का? फॉर्म भर. सेन्सर खराब. आठवड्याचे आकडे उडवू."
"खराब लिहिलं की डबी निघणार. तात्याला पाणी कधी द्यायचं ते मेसेज बंद."
"आणि स्वतःची चूक लिहिलीस तर तू निघणार. बघ."

मु. हळूच म्हणाली, "कर ना सही. तुझं काम तरी राहील."
मी राहावं म्हणून म्हणाली, का फाईल बंद व्हावी म्हणून? तोंडाकडं बघून कळेना. कधीच कळत नाही.

लिहिलं: डबी चांगली आहे. शुक्रवारी सळईच्या मुळाशी आंबील मी ओतली. सही केली. खाली तिची सही लागते. कागद तिच्याकडं सरकवला. तिनं वाचला, परत वाचला. पेन उघडलं. अमोल तिच्याकडं बघत होता, आणि ती कागदाकडं.

उठलो. सही करते का ते न बघताच बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.