सुरय कुठं गेली?

४ डिसेंबर २०२४
सुरुवात केली! वही नवी, पेन नवं, म्हातारा जुना. मे महिन्यात आम्हा निवृत्त नौसैनिकांचा मेळावा आहे. तिथं वाटायची पुस्तिका माझ्या गळ्यात पडली — आमच्या चार गस्ती जहाजांचा इतिहास. टिटवी, खंड्या, कुरव, सुरय. चारी पाण्यावरची पाखरं. लांबी चाळीस मीटर, पुढं एक तोफ. मी सुरयच्या इंजिनावर अकरा वर्षं.
बायकोला, कमळला, पहिलं पान वाचून दाखवलं. म्हणाली, "मुरबाडात अजून रेल्वे नाय आली, आन् तुमी जहाज आनताय!"

७ डिसेंबर
कसाऱ्याच्या सुनिलला फोन केला. तो टिटवीवर होता. म्हणे लिही, टिटवीचा वेग सत्तावीस नॉट. मी म्हटलं, कागदावर चोवीस आहे.
"जहाज कागद चालवत होता का मी?"
चोवीसच लिहिलं. खाली तळटीप — 'सुनिल यांच्या मते सत्तावीस.'

८ डिसेंबर
सुनिल तळटिपेवरून रुसला.

१५ डिसेंबर
आज सुरयची पहिली कामगिरी लिहिली. १९८७. रेवसच्या बाजूला तिन्हीसांजेला एक होडी, दिवा नाही, हलेना. चोरटा माल! भोंगा वाजवला, झोत टाकला, एक जण तोफेवर. जवळ जाऊन बघतो तर वऱ्हाड! इंजिन बंद, होडीत घोटाभर पाणी, आणि मुंडावळ्या बांधलेला नवरदेव कळशीनं पाणी उपसतोय. दोर टाकला, ओढत धक्क्याला नेलं. नवरीच्या बापानं कप्तानाला नारळ दिला.
सरकारी नोंद — 'एक होडी सुरक्षित.' मी लिहिलं, 'एक लग्न सुरक्षित.' कमळ म्हणे, "लग्न सुरक्षित, पन नवरदेवाचं काय सांगावं!"

२८ डिसेंबर
तिघींचं शेवटचं पान लागलं. टिटवी मित्रदेशाला दिली. खंड्या नेमबाजीच्या सरावात बुडवली. कुरव एका बागेत उभी आहे, पोरं तिच्या नाकावरून घसरगुंडी खेळतात.
आणि सुरय? २००९ला सेवेतून काढली. पुढं कोरं. चार जणांना फोन केले, कुणालाच माहीत नाही.
सुनिल म्हणाला, "भंगारात गेली असंल रे. मान्य कर."
फोन ठेवला. भंगारात! असल्या जहाजावर हात उचलणारे कसाईच असणार. — खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.

१५ जानेवारी २०२५
म्हशाची जत्रा. कमळ घोंगडी घ्यायला गेली, मी बैल बघत उभा. तासानं आली ती हात हलवत! तिला वाडीवरची हिरी भेटली होती. भातलावणीला नवऱ्याबरोबर आमच्याकडे येते ती. बोलता बोलता म्हणाली, "आमच्या घराला बोटीची खिरकी हाय. आमच्या धाऊनं आनली मुंबयसून." धाऊ तिचा नवरा. पूर्वी जहाजं तोडायच्या कामाला जायचा.
घोंगडी राहिलीच. मला तर परत येताना जीप कुठं थांबली तेही कळलं नाही.

१६ जानेवारी
सकाळीच वाडीवर गेलो. कुडाची भिंत, शेणानं सारवलेली, आणि मधोमध गोल पितळी खिडकी! कडेला चार पेच. तीन सारखे, चौथा वेगळा. तो मीच बसवलेला! मापाचा मिळेना म्हणून सुट्टीवरून जाताना मुरबाडच्या ट्रॅक्टर गॅरेजातून नेला होता. अख्ख्या नौदलात तसला एकच. बोट ठेवलं तिथं, बराच वेळ काढवेना.
धाऊ वीटभट्टीवर होता. हिरीला म्हटलं, ही मला दे. बदल्यात नवी सरकती खिडकी बसवून देतो. काचेची, जाळीची.
"नाय मिलायची, दादा."
"अगं, हे माझं जहाज होतं!"
"आसंल. पन ह्ये माझं घर हाय ना? तुमची सरकती पावसात गलंल. ही आजून एक थेंब आत येऊ देत नाय."
खरंच, सुरयही कधी गळली नाही.
घरी सांगितलं तर कमळ पदर तोंडाला लावून हसली. "शाबास गो हिरी!"

१९ जानेवारी
भट्टीला सुट्टी, धाऊ स्वतः आला. ओट्यावर बसला. मी वही उघडली, म्हटलं, कशी तोडली ते सांग. आधी नाक कापलं, मग तोफेखालचा चौथरा, इंजिनाची खोली शेवटी. "लय जाड व्हती, दादा. एकोनीस दिस कापत व्हतो, कापता कापंना."
मला बरं वाटलं. कुणाला सांगणार!
कमळनं चहा दिला. कप घेताना त्याचा डावा हात दिसला. तीनच बोटं. इतकी वर्षं आमच्या शेतावर येतो, मी कधी पाहिलं नव्हतं. विचारलं.
"पत्रा सुटला. इंजिनाच्या खोलीत. मुकादम म्हनला, जा घरी. जाताना खिरकी उचलली. कोन काय बोलला नाय."
मग म्हणाला, "चा चांगला झालाय, वहिनी."

२० जानेवारी
सुरयवर काम केलेल्यांची यादी पुन्हा लिहिली. एकशे तीन नव्हेत, एकशे चार.
शेवटचं नाव — धाऊ. काम, गॅसकटर. दिवस एकोणीस. डाव्या हाताची दोन बोटं जहाजावर राहिली.