वॉकओव्हर नाकारणाऱ्या माझ्या कॅप्टनला

प्रिय ताई,

आज मी जिंकले गं! केसांतला गुलाल अजून निघालेला नाही, बाहेर पोरी ढोल थांबवायला तयार नाहीत, आणि मी आतल्या खोलीत दार लावून तुला लिहायला बसलेय. तुझी धाकटी बहीण शहापूरच्या नगरपंचायतीत नगरसेविका झाली. तू जाऊन दोन वर्षं झाली, तरी अशा वेळी हात आधी तुझ्याच नंबरकडे जातो.

हे सगळं तूच करून ठेवलंस. कबड्डीत मी पंचांशी इतकी भांडायचे की तू एकदा वैतागून म्हणालीस, एवढी जीभ चालते तर वकिली कर, निदान काळा कोट तरी मिळेल. कोट मिळाला. मग कोर्टाच्या आवारात बसून बायकांचे नगरपंचायतीला अर्ज लिहून लिहून कंटाळले, तेव्हा वाटलं, अर्ज घेणाऱ्याच्या खुर्चीतच जाऊन बसावं.

पण एक राग इतकी वर्षं मनात होता. धसईची फायनल आठवते? सिद्धगडाकडच्या पोरींची एसटी वाटेत बंद पडली होती. पंच आपल्याला वॉकओव्हर द्यायला तयार, ढाल समोर टेबलावर. आणि कॅप्टन म्हणून तू हटूनच बसलीस. "समोर कुणी उभाच नाय, तर जिंकलो कुणाला गो?" दोन तास थांबवलंस आम्हाला. त्या चालत आल्या, पाणी प्यायल्या आणि आपल्याला हरवून ढाल घेऊन गेल्या! मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुझं काय जात होतं गं गप्प बसायला?

आता ऐक. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी रांगेत माझ्यापुढे शकूवहिनी होत्या. वॉर्डात माझ्याविरुद्ध त्या एकट्याच. त्यांच्या अर्जावर सूचकाची सहीच नव्हती, आणि मुदत संपायला जेमतेम अर्धा तास. मी गप्प राहिले असते तर छाननीत त्यांचा अर्ज बाद आणि मी बिनविरोध. माझ्या एका कार्यकर्त्यानेही ते पाहिलं आणि हळूच माझा हात दाबला. खोटं कशाला बोलू, मोह झाला. तुझा तर संतापच आला. मेल्यावरसुद्धा सुखाने जिंकू देईनास!

शेवटी वहिनींच्या खांद्याला हात लावून सहीची रिकामी जागा दाखवली. त्यांचा सूचक आटगावला कामावर गेलेला, तो मोटरसायकल पिटाळत आला आणि वेळेत सही झाली. माझी माणसं मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाहीत. धसईनंतर तुला माझा अबोला किती लागला असेल, ते मला पहिल्यांदा कळलं. चुकलं माझं, ताई.

मग लढलो. घर ना घर पालथं घातलं, घसा बसला, पाय सुजले. आणि आज मतं मोजून जिंकले.

निकालानंतर शकूवहिनी समोर आल्या. वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाल्या, "वकीलबाय, तू मला खरी हरवलीस. आता आमच्या आळीच्या नळाचा बघ."

त्या आळीने मला मत दिलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तुला शब्द देते ताई, माझ्या वॉर्डात पाणी पहिलं तिथेच येईल.

तुझी डावी कोपरारक्षक,
सुली