हत्तीची सरकती रेघ

देवास,
सोमवार, दसरा तोंडावर

ती. सौ. सुमंगलाताई हिच्या चरणी धाकट्या नारायणाचा शिरसाष्टांग नमस्कार, आणि आमचे मेहुणे ती. तात्यासाहेबांना वेगळा, पूर्ण वाकून. (प्रत्यक्षात गुडघा अर्ध्यातच अडतो, पण पत्रात पूर्ण वाकता येतं.) तुझी शुगर कशी आहे? धारचे ते नवे डॉक्टर तुला गूळ खाऊ देतात असं कळलं. त्यांचा नक्की काय हेतू आहे, हे एकदा बघून घे. इकडे सर्व क्षेम, म्हणजे वरवर पाहता.

फोन का नाही केला, म्हणशील. मेधा (माझी सून, स्वभावानं चांगली आहे, म्हणून जास्त सांभाळून राहावं लागतं) फोन स्पीकरवर लावून देते आणि म्हणते, "बाबा, तुम्हाला नीट ऐकू येईल." कुणाला नीट ऐकू येणार, ते मी ओळखून आहे. म्हणून लेखी.

विषय तुझ्या दिराचा, गोपाळरावाचा. तुला काही सांगायला नको, पण उद्या चारचौघांत वाद झाला तर कागद हवा, म्हणून सगळं मांडतो. आपल्या टेकडीवरचा दगडी हत्ती: उजवं अंग आपल्या माहेरचं, थोरल्या पातीचं, गेरूनं रंगवायचं. डावं अंग तुझ्या सासरचं, धाकट्या पातीचं, चुन्यानं. देवासची थोरली-धाकटी दोन्ही राज्यं गेली, हत्ती मात्र वाटलेलाच राहिला. दसऱ्याआधीच्या रविवारी दोन्ही घरांतल्या एकेका वडीलधाऱ्यानं वर चढायचं, आपापलं अंग रंगवायचं, आणि शेवटी कपाळापासून शेपटीपर्यंत मधली काळी रेघ धाकट्या पातीनं ओढायची. (हे कुणी ठरवलं? धाकट्या पातीनंच, दुसरं कोण!)

तर ताई, गेली तीन वर्षं ती रेघ आपल्या अंगावर सरकते आहे. मागच्या साली मी कानापासून रेघेपर्यंत सुतानं माप घेतलं, गाठ मारली आणि सूत पंचांगात ठेवलं. चार बोटं आत आली होती! कुणी म्हणेल, दगड तो दगड, त्यात काय एवढं. पण या हिशेबानं माझ्या नातवंडांच्या वाट्याला हत्तीचा एक कान तेवढा येईल.

यंदा मी आधीपासून पाळत ठेवली, आणि काय काय दिसलं ऐक. गोपाळरावानं स्कूटर विकली. विचारलं तर म्हणे, डॉक्टरनं पायी चालायला सांगितलंय. कोणत्या डॉक्टरनं, ते सांगत नाही. सकाळी माझ्याकडे येऊन पोहे खातो आणि म्हणतो, "नाऱ्या, पेपर वाच रे मोठ्यानं, तुझ्या आवाजात मजा येते." साठ वर्षांत त्याला माझ्या आवाजात कधी मजा आली नव्हती. बाजारात लोक नमस्कार करतात, हा मान वळवत नाही. मला वाटलं, चार बोटं हत्ती काय मिळाला, पठ्ठ्याला माज चढला.

काल निघालो. वाट तुला ठाऊक आहे, लहान पण नुसती अंगावर येणारी. लहानपणी आपण ती दहा मिनिटांत चढायचो, काल पाऊण तास लागला. (त्यातली वीस मिनिटं मी निसर्ग पाहत होतो. गुडघ्यांचा काही संबंध नाही.) मेधानं मला पोपटी रंगाचे बूट आणून दिलेत, ते लांबून दिसतात. मी कुठं जातो हे सगळ्यांना दिसावं, हाच त्यामागचा विचार असणार. पहिल्याच वळणावर गोपाळराव म्हणाला, "तू पुढं हो, भैया," आणि मागून माझं कोपर धरलं. ते शेवटपर्यंत सोडलं नाही. खड्डा आला तर आधी मी पडावा, आणि नाहीच पडलो तर मला मागं ओढता यावं, अशी दुहेरी व्यवस्था.

दुसऱ्या वळणावर मी हिसका देऊन कोपर सोडवायला गेलो आणि गेरूच्या डब्याचं झाकण उडालं. पांढरा लेंगा कमरेपासून लालभडक! वरून काही पोरंपोरी उतरत होती. त्यातली एक किंचाळली, "अरे, दादाजी को चोट लग गई!" तिनं मला खाली बसवून इलेक्ट्रॉल पाजलं, दुसऱ्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तो बंद करायला लावता लावता मला घाम फुटला, तर म्हणे, "देखो, पसीना भी आ रहा है." आणि या सगळ्या गोंधळात तुझे दीर काय करत होते? शेजारी उभे राहून विचारत होते, "काय झालं? कुणाला लागलं?" दोन हातांवर मी लालेलाल बसलेलो, आणि हा विचारतो कुणाला लागलं! मी मनात म्हटलं, नाटकी आहे लेकाचा.

वर पोचलो. ऊन मी म्हणत होतं. मी जाकीट आणि टोपी काढून बोरीच्या झुडपाला अडकवली आणि हत्तीच्या मागं जाऊन गुपचूप सूत काढलं. तेवढ्यात गोपाळराव ओरडला, "नाऱ्या, मख्खासारखा उभा काय राहिलास? डबा धर की!" मी मान वर करून पाहिलं, तर हा माझ्याकडे पाठ करून उभा, आणि बोलत होता माझ्या जाकिटाशी. मला वाटलं, टोमणा मारतोय. मी सुताची गाठ शोधत राहिलो. तो थांबला. पुन्हा म्हणाला, "ऐकू येत नाही का रे?" पुन्हा थांबला. मग अगदी हळू, जाकिटाजवळ जाऊन म्हणाला, "रागावलास होय?"

ताई, स्कूटर, पेपर, बाजारातले नमस्कार, कोपर, सगळं एका क्षणात उलगडलं. मी एवढा संशयी माणूस, सगळ्यांवर नजर ठेवणारा, आणि समोरच्याची नजर गेलेली मला तीन वर्षं दिसली नाही! मी आवाज न करता हत्तीला वळसा घातला, जाकिटाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही रे, बोल."

मग त्यानं रेघ ओढली. डावा हात दगडावरून चाचपडत पुढं, उजव्या हातात कुंचला त्याच्या मागं. शेपटीशी पोचल्यावर म्हणाला, "नीट आली का रे?" मी म्हटलं, "सरळ आली, एकदम." आणखी दीड बोट आपल्याकडे आली होती. उतरताना मीच त्याचा हात माझ्या कोपरावर ठेवला.

आणखी काय लिहू? मला नाऱ्या म्हणणारा देवासात आता तो एकटाच आहे. तात्यासाहेबांना पुन्हा नमस्कार, तुझ्या शुगरवर माझं लक्ष आहे.

तुझा,
नारायण

ता. क. खरं काम हे. त्यानं हे घरात सांगितलेलं दिसत नाही, सांगितलं तर टेकडी बंद होईल ही त्याची भीती असणार. मी डोळ्यांचं नाव काढलं तर रेघेसाठी काढलं म्हणेल. पण वहिनीला, म्हणजे तुला, नाही म्हणायची त्याची छाती नाही. दसरा झाला की त्याला धारला बोलाव, आणि तुझेच डोळे दाखवायचे आहेत, सोबत हवी, असं सांगून इंदूरला मोठ्या डॉक्टरकडे ने. बहुधा मोतीबिंदूच असावा. माझं नाव मध्ये आणू नकोस. माणूस भयंकर संशयी आहे.

ता. क. २. सूत सोबत पाठवतो आहे, नवी गाठ मारून. साडेपाच बोटं. जपून ठेव. पुढच्या दसऱ्याला त्याला स्वच्छ दिसायला लागलं की हे त्याच्या तोंडासमोर धरायचं आहे आणि कचाकचा भांडायचं आहे. आत्ता काय भांडणार?

ता. क. ३. पाकीट चिकटवताना मेधाकडून कळलं की गोपाळरावानंही काल संध्याकाळी तुला पत्र लिहिलंय, म्हणजे तिच्याकडून लिहवून घेतलंय. आत काय आहे ते ती सांगत नाही, नुसती हसते. माझ्या गुडघ्यांविषयी काही असेल तर साफ खोटं आहे. तरीही, इंदूरला हाडांचे डॉक्टरही असतील, तर दोघांची वेळ एकाच दिवशी घे. तो एकटा घाबरेल.